डेअरीतलं पनीर, खवा, चक्का: नाकावर विसंबू नका, थंडावा तपासा

मे महिन्यातली संध्याकाळ होती. घराजवळच्या डेअरीतून पाव किलो पनीर आणलं, ओट्यावर ठेवलं आणि थर्मामीटरची कांडी वडीच्या मधोमध खुपसली. आकडा २२ अंशांवर थांबला. दुकान चालत चार मिनिटांवर. तेवढ्यात थंडगार वडी २२ अंशांवर जात नाही. म्हणजे ती काचेच्या काउंटरमध्येच तेवढी कोमट बसली होती. काउंटरमधला दिवा मात्र लख्ख चालू होता. दुसऱ्या दिवशी दुकानदारांना विचारलं. ते सरळ म्हणाले, "ताई, दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मशीन बंद ठेवतो. लाइट बिल परवडत नाही."

त्या पनीरला वास येत नव्हता. ते मऊ होतं, पांढरंशुभ्र होतं. तरी मी ते टाकून दिलं. डेअरीच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं दुधाचे नमुने तपासले आहेत, त्यामुळे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे: दूध नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. पहिले आंबट वास देतात, दूध फाडतात, पिशवी फुगवतात. दुसरे बहुतेक वेळा काहीच कळू देत नाहीत. साल्मोनेला, लिस्टेरिया, स्टॅफिलोकोकस यांतलं काहीही पदार्थात असलं तरी चव तशीच लागू शकते. "वास घेऊन बघ, चांगलं आहे ना" ही आपल्या घराघरांतली चाचणी अर्धीच आहे. उरलेली अर्धी म्हणजे दुकान वाचता येणं. ती कशी करायची, ते पुढे क्रमाने लिहिते.

आधी दोन आकडे समजून घ्या

पहिला आकडा तापमानाचा. ५ अंशांच्या खाली जंतूंची वाढ मंदावते, ६० अंशांच्या वर बहुतेक थांबते. मधला सगळा पट्टा धोक्याचा. आपल्याकडे उन्हाळ्यात ओट्यावरचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. जंतूंना हवं असतं तेच.

दुसरा आकडा वेळेचा. मनाजोगतं तापमान मिळालं की काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे तासाभरात ८, तीन तासांत ५१२ आणि सहा तासांत अडीच लाखांच्या वर. म्हणून सकाळी नऊला ठीक असलेलं पनीर दुपारी तीनला ठीक असेलच असं नाही.

पाश्चरीकरणाबद्दलही एक गैरसमज आहे. ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटं दूध तापवलं की रोग पसरवणारे जंतू मरतात. पण सगळे जंतू मरत नाहीत आणि बॅसिलस जातीच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं टणक कवचातलं झोपलेलं रूप, तर उकळीतूनही वाचतात. शिवाय पाश्चरीकरण हे कवच नव्हे. पिशवी फुटली, भांडं बदललं, कोणाचा हात लागला की दूध पुन्हा उघडं पडतं. दुकानातल्या पदार्थांतला बहुतेक घोळ कारखान्यात होत नाही. तो नंतर होतो, काउंटरच्या अलीकडे-पलीकडे.

पायरी १: घरातून निघताना

किराणा, भाजी, औषधं सगळं आटोपून डेअरीत सर्वांत शेवटी जा. सोबत जाड कापडी पिशवी किंवा थर्मल बॅग घ्या आणि तिच्यात रात्री फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेली पाण्याची बाटली टाका. हा साधा उपाय मी स्वतः वापरते आणि उन्हाळ्यात त्याला तोड नाही.

गर्दीची वेळ निवडायला हरकत नाही. ज्या दुकानात माल भराभर संपतो, तिथे तो ताजा असण्याची शक्यता जास्त. मात्र गर्दीत हात धुवायला कोणाला सवड नसते, हेही लक्षात ठेवा.

पायरी २: दुकानासमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहा

लगेच मागणी सांगू नका. आधी हात बघा. ज्या हाताने नोटा मोजल्या, त्याच हाताने पेढा उचलला का? हातमोजे घातलेले दिसले की आपण निश्चिंत होतो, पण तेच मोजे घालून पैसे घेतले, मोबाइल उचलला, फडक्याने काउंटर पुसला तर त्यांचा काय उपयोग? चिमटा किंवा कागद वापरणारा उघडा हात त्या मोज्यांपेक्षा बरा.

मग सुरी बघा. पनीर, खवा, बटर, चीज यांना एकच सुरी आणि ती पुसायला एकच ओलं फडकं असतं. दिवसभर ओलं राहिलेलं ते फडकं म्हणजे जंतूंची नर्सरीच. तराजूचं ताटही बघा. पनीर थेट ताटात ठेवतात की कागदावर?

नंतर थंडावा. काउंटरच्या काचेला आतून हात लावू देणार नाहीत, पण मशीनचा आवाज येतो का, आत थर्मामीटर किंवा डिजिटल आकडा दिसतो का, हे कळतं. आकडा ५ किंवा त्याखाली असेल तर उत्तम. ८-१० दिसला तर पनीर-खवा तिथून घेऊ नका. फ्रीज गच्च भरून ठेवला असेल तर गार हवा फिरत नाही. आकडा ४ दाखवतो आणि कोपऱ्यातला डबा १२ अंशांवर असतो.

परवाना भिंतीवर लावलेला असतो. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नोंदणी किंवा परवाना क्रमांक १४ अंकी असतो, तो पाकिटांवरही छापलेला सापडतो. सुट्या मिठाईच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२० पासून ट्रेवर 'या तारखेपर्यंत खावी' असं लिहिणं दुकानदाराला बंधनकारक आहे. कलाकंदासारखी मिठाई एक दिवसाची, रसगुल्ल्यासारखी दुधाची मिठाई दोन दिवसांची, खव्याची मिठाई चार दिवसांची, तूप आणि सुक्या मेव्याची सात दिवसांची, असा ढोबळ हिशेब त्या वेळी दिला गेला. ट्रेवर पाटी नसेल तर सरळ विचारा, "दादा, हे कधी केलंय?" उत्तर यायला वेळ लागला की मी पुढच्या दुकानात जाते.

पायरी ३: पदार्थ एकेक करून

पिशवीचं दूध घेताना क्रेट कुठे आहे ते पाहा. पहाटे फूटपाथवर उतरवलेले क्रेट आठ वाजेपर्यंत तिथेच असतील तर त्यातलं दूध नको. फुगलेली, चिकट, कोपऱ्यातून पाझरणारी पिशवी परत करा. रतिबाचं दूध दाराच्या पिशवीत टाकून जातात. ते पहाटे साडेपाचला येतं आणि आपण साडेसातला उठतो. उन्हाळ्यात हे दोन तास महागात पडतात. दाराला अडकवलेल्या पिशवीत बर्फाची बाटली ठेवा किंवा रतिबाची वेळ बदलून घ्या. टेट्रापॅकमधलं अतिउष्ण प्रक्रियेचं दूध न उघडता बाहेर राहू शकतं, पण उघडल्यावर तेही साध्या दुधासारखंच.

सुटं दूध घ्यायला माझी हरकत नाही, पण ते धार काढल्यापासून किती तासांनी आपल्याकडे आलं, हे विचारलंच पाहिजे. कासेतून दूध साधारण ३७-३८ अंशांवर येतं. ते लगेच थंड केलं नाही तर शहरात पोचेपर्यंत जंतूंना चार-पाच तास मिळतात. कच्चं दूध तसंच पिऊ नका. 'धारोष्ण दूध ताकद देतं' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण ब्रुसेल्लोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार) आणि गुरांचा क्षय कच्च्या दुधातून माणसाला होतात, हेही तितकंच खरं.

पनीरवर मला जरा जास्त बोलायचं आहे. वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणी, आंबटपणा फारसा नाही, मीठ नाही, साखर नाही. जंतूंना अडवणारं काहीच नाही. कायद्याने पनीरमध्ये ६० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. अनेक डेअऱ्यांत पनीरच्या वड्या स्टीलच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवतात. ते पाणी बघा. गढूळ, पांढरट, वर तेलकट तवंग असेल तर तो डबा कालचा आहे. पाणी थंड आणि पिण्याचं असावं, रोज बदललेलं असावं. घेतल्यावर वडीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागली तर परत द्या, धुऊन वापरायच्या फंदात पडू नका. सुटं पनीर दोन दिवसांत संपवा. न उघडलेलं हवाबंद पाकीट तारखेपर्यंत टिकतं, पण उघडल्यावर त्याचीही मुदत सुट्या पनीरएवढीच. मटार-पनीरसारख्या भाजीत पनीर शेवटी घालून नुसतं गरम करण्यापेक्षा रस्सा दोन मिनिटं खळखळून उकळा. आणि दुकानातलं सुटं पनीर कच्चं, सॅलडमध्ये, मी घालत नाही.

दह्याची गोष्ट उलटी. आंबटपणाच त्याचं रक्षण करतो. म्हणून दह्यातून आजार होण्याचा धोका दुधापेक्षा कमी. त्याला सतावतात ते यीस्ट आणि बुरशी. डब्याचं झाकण फुगलं, वर हिरवा-काळा ठिपका दिसला की सगळा डबा टाका. ठिपका काढून खालचं खाऊ नका, बुरशीचे धागे मऊ पदार्थात खोलवर गेलेले असतात.

चक्का आणि श्रीखंड. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री डेअऱ्यांमध्ये ओळीने पुरचुंड्या टांगलेल्या असतात. चक्क्याचा सगळा जीव त्या कापडात. तेच कापड नुसतं पाण्यातून काढून पुन्हा वापरलं तर विणीतलं दही आंबत राहतं, यीस्ट वाढतं आणि चक्क्याला दारूसारखा, नाकात झिणझिणणारा वास येतो. घरी चक्का बांधत असाल तर पंचा साबणाने धुऊन दहा मिनिटं पाण्यात उकळा आणि उन्हात कडक वाळवा. उन्हाळ्यात पुरचुंडी रात्रभर ओट्यावर टांगू नका. चाळणीत ठेवून, चाळणी खोल भांड्यावर ठेवून, सगळं फ्रीजमध्ये सरकवा. पाणी तिथेही निथळतं, वेळ थोडा जास्त लागतो. साखर घातल्यावर श्रीखंड बरंच टिकाऊ होतं. त्यात ताजी फळं घातली की टिकाऊपणा घटतो.

आता खवा. माझ्या मते डेअरीतल्या पदार्थांत सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावं. कढईतून उतरलेला खवा जवळजवळ निर्जंतुक असतो, इतका तो तापलेला असतो. पुढे हातांनी थापून गोळे होतात, गोणपाटात किंवा करंडीत बांधले जातात, बसच्या डिकीतून शहरात येतात. दिवाळीच्या तोंडावर असा साठा जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. थापणाऱ्याच्या बोटावरची पुळी, चिरलेली जखम, नाक यांतून स्टॅफिलोकोकस खव्यात जातो आणि गरम जागी वाढून विष तयार करतो. हे विष उकळूनही नष्ट होत नाही. तळून झालेला गुलाबजाम म्हणून निर्धोक, असं म्हणता येत नाही ते याच कारणाने. जंतू मरतो, त्याने सोडलेलं विष राहतं. खवा घेताना तो थंड लागला पाहिजे, पृष्ठभाग कोरडा आणि एकसारखा असावा, आतून मोडून पाहावा. सणाच्या आठ दिवस आधी घेणार असाल तर घरी येताच छोटे भाग करून फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तेवढाच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळू द्या.

लस्सी, मठ्ठा, कुल्फीवाल्याकडे पदार्थाइतकाच बर्फ बघा. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग टाकण्याचा नियम आला. निळसर लादी फोडून पेल्यात पडत असेल तर पेला तिथेच ठेवा. आइस्क्रीमचा डबा दबलेला, आत खडखडीत बर्फाचे स्फटिक असतील तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलं आहे. ते घेऊ नका.

तुपाची काळजी जंतूंच्या बाबतीत करायला नको, त्यात पाणीच नसतं. फक्त ओला चमचा घालू नका.

पायरी ४: परतीचा रस्ता

थंड पदार्थ फ्रीजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एक तासच. हा हिशेब तुमच्या हातात येण्याआधीपासून चालू असतो, हे विसरू नका. स्कूटरच्या डिकीत, सीटखाली, दूध ठेवणं टाळा. इंजिनाची ऊब तिथे साठते.

पायरी ५: घरी आल्यावर

पिशवी बाहेरून धुवा, मगच कात्री लावा. ती क्रेटमध्ये, जमिनीवर, हातांत फिरून आलेली असते. कात्रीही धुतलेली हवी, मिरचीचं पाकीट कापलेली नको.

पाश्चराइज्ड दूध थंडाव्याची साखळी न तुटता आलं असेल तर उकळण्याची गरज नसते. पण आपल्याकडे ती साखळी कुठेतरी तुटते, म्हणून मी उकळते. साय वर आली की आच मंद करून ढवळा आणि आणखी एक-दोन उकळ्या येऊ द्या. यानंतरचा टप्पा बहुतेक घरांत चुकतो. पातेलं दिवसभर ओट्यावर निवत राहतं. ते मोठ्या परातीत गार पाण्यात ठेवा, पाणी एकदा बदला. अर्ध्या-पाऊण तासात कोमट होतं. मग झाकून फ्रीजमध्ये. कालच्या उरलेल्या दुधात आजचं ताजं दूध ओतू नका. कालचे जंतू आजच्या दुधाला आयतेच मिळतात.

दूध फ्रीजच्या दारात ठेवण्याची सवय मोडा. दार दिवसातून पन्नासदा उघडतं, तिथलं तापमान सर्वांत जास्त हलतं. मधल्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवा. फ्रीज खरोखर किती थंड आहे हे पाहायचं तर पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच आकडा वाचा. ४ अंश आदर्श. तुपासाठी साय आठ-दहा दिवस साठवायची असेल तर ती फ्रीजरमध्ये साठवा, विरजण लावायच्या दिवशी बाहेर काढा.

लिस्टेरिया मात्र फ्रीजमध्येही सावकाश वाढतो. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, खूप वयस्क माणूस किंवा केमोथेरपी घेणारं कोणी असेल तर फ्रीजमध्ये ठेवलंय म्हणून पदार्थ लांबवू नका आणि कच्च्या दुधाचं काहीच देऊ नका. लिस्टेरियाने आईला साधा तापच येतो, पण पोटातल्या बाळाचा जीव जाऊ शकतो.

वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो, भरलेला फ्रीजर दोन दिवसांपर्यंत. वीज जाण्याने काय होतं याचं मोठं उदाहरण जपानमधलं आहे. २००० साली होक्काइडोतल्या एका दूध कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली, दूध उबदार राहिलं, त्यात स्टॅफिलोकोकसचं विष तयार झालं. त्या दुधाची पावडर झाली, ती पुढे ओसाकाच्या कारखान्यात वापरली गेली आणि १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. मधे दूध तापवलं होतं, पाश्चरीकरण झालं होतं. विष तरीही टिकलं.

पायरी ६: तुमची डेअरी असेल तर

मशीन रात्री आणि दुपारी बंद ठेवून वाचलेले पैसे एका नासलेल्या पनीरच्या डब्यात जातात. काउंटरमध्ये थर्मामीटर टांगा आणि उघडताना, दुपारी, बंद करताना आकडा वहीत लिहा. त्या वहीमुळे गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो आणि मशीन बिघडायला लागलं की आठवडाभर आधी कळतं.

भांडी धुण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी गार किंवा कोमट पाण्याने दूध काढून टाका. सुरुवातीलाच कढत पाणी ओतलं तर दुधातलं प्रथिन भांड्याला चिकटून बसतं. मग गरम पाणी आणि साबण, ब्रश कडांमध्ये, कॅनच्या गळ्यात फिरवा. स्वच्छ पाण्याने खळखळा. नंतर निर्जंतुक करा: ४ टक्के तीव्रतेचं, वास नसलेलं ब्लीच लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर, म्हणजे दशलक्षात २०० भाग क्लोरीन. दोन-तीन मिनिटं ठेवून ओता, भांडं जाळीवर पालथं घाला. फडक्याने पुसू नका, सगळी मेहनत वाया जाते.

पनीर, खवा, चीज यांना वेगवेगळ्या सुऱ्या. पैसे घेणारा माणूस आणि माल देणारा माणूस वेगळे ठेवणं जमत नसेल तर निदान चिमटा आणि कागद. हाताला जखम किंवा पोट बिघडलेल्या कामगाराला त्या दिवशी माल हाताळू देऊ नका आणि त्याचा रोजही कापू नका, नाहीतर तो पुढच्या वेळी सांगणारच नाही. नवा माल मागे, जुना पुढे.

पायरी ७: त्रास झालाच तर

खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोरात उलट्या सुरू झाल्या तर संशय स्टॅफिलोकोकसच्या विषावर. ताप आणि जुलाब सहा तासांपासून ते काही दिवसांपर्यंत कधीही सुरू झाले तर साल्मोनेलासारख्या संसर्गावर. ओआरएस लगेच सुरू करा. तान्हं मूल, गरोदर बाई, शौचात रक्त, लघवी कमी होणं किंवा न उतरणारा ताप असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा आणि काय, कधी, कुठून आणलं ते सांगा.

उरलेला पदार्थ फेकू नका. त्याच पाकिटात बांधून, 'खाऊ नये' असं लिहून फ्रीजमध्ये ठेवा. बिल, पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक यांचा फोटो काढा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, एफएसएसएआयचा १८००-११-२१००. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० खाली आपण स्वतःही शुल्क भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र तपासणीसाठी घेतोय हे विक्रेत्याला खरेदी करतानाच सांगावं लागतं. अहवालात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं.